धुळीला रकाना नव्हता

दोमिंगा पालासीच्या दारावरून जाताना खोकला आला तर गिळून टाकावा, असं सिम्पाओ गावात म्हणत. ती चुलीपाशी बसल्या बसल्या ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थुंकीची डबी घेऊन तुमच्या पायरीवर उभी राहायची. "काल टाकीपाशी कोण खोकत होतं? तूच ना? ओला खोकला होता तो. धर डबी. आणि लाळ नकोय मला, आतून काढ."

मी खालच्या सपाटीवरची. बेंगेटच्या या डोंगरात नर्स म्हणून आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. दोन वर्षं काढीन आणि परदेशी जाईन असा बेत होता. एकवीस वर्षं झाली, इथेच आहे. आरोग्य केंद्राच्या कामाला गावातली एक बाई हवी म्हणून मीच दोमिंगाला शोधून काढलं होतं. चारचौघांत ती मला 'मॅम' म्हणायची आणि एकटी असले की 'आडिंग', म्हणजे धाकटी बहीण. मी तिला सगळ्यांसारखीच 'मनांग' म्हणायचे. मोठ्या बहिणीला इथे तसंच म्हणतात.

सोन्याच्या बोगद्यांचं गाव हे. दोमिंगाचा बाप खाणीतला, नवरा खाणीतला. सातव्या वर्षापासून ती बोगद्याच्या तोंडाशी बसून हातोडीने दगड फोडायची, चमकणारा एका टोपलीत, मेलेला दुसऱ्या टोपलीत. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, सव्विसाव्या वर्षी नवरा दरडीखाली गेला. मग ती पुन्हा त्याच दगडांपाशी जाऊन बसली. अकरा वर्षं फोडले, दळले, चाळले. पोरीला शिकवलं, पोरगी पुढे तैवानला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेली. त्या अकरा वर्षांनंतर दोमिंगा माझ्याकडे आली.

टीबीचा पेशंट रोज गोळी गिळतोय हे डोळ्यांनी बघणं, हे तिचं मुख्य काम. ते ती पोलिसासारखं करायची. गोळी दिली, पाणी दिलं, की म्हणायची, "आता आ कर. जीभ वर. गालाच्या आत काय लपवलंयस?" माणसं वैतागायची, पण बरी व्हायची. चौदा वर्षांत तिच्या हाताखालच्या एकाही पेशंटने उपचार अर्ध्यावर सोडला नव्हता. ह्या गोष्टीचा तिला फार अभिमान होता, आणि मलाही.

पाच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गावात ती गाडी आली. छातीचा फोटो काढणारं यंत्र हातात मावेल एवढं, सोबत एक लॅपटॉप. फोटो काढला की मिनिटभरात कॉम्प्युटरच सांगायचा, टीबीची शक्यता शंभरात किती. फुप्फुसाचा जो भाग संशयाचा, तो पडद्यावर लाल-पिवळा पेटलेला दिसायचा. आधी फोटो बागियो शहरात जायचे आणि वाचणाऱ्या डॉक्टरकडून परत यायला तीन-तीन आठवडे लागायचे. तोवर माणूस बोगद्यात, नाहीतर थेट शवपेटीत.

दोमिंगाला ते पटेना. "छातीच्या आतलं ह्याला कळतं? खोकला न ऐकता?"

गाडीबरोबर आलेला रेनान्ते नावाचा तंत्रज्ञ हसला. "ह्याला कान नाहीत मनांग, पण डोळे आहेत. लाखो फोटो बघितलेत त्याने."

पहिल्याच दिवशी ऑरेलियाचा आकडा आला एकाहत्तर. ऑरेलिया म्हणजे खाणवाल्यांच्या खानावळीतली स्वयंपाकीण, गुबगुबीत, दिवसभर हसणारी. दोमिंगा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्याचं डोकं फिरलंय. ही बाई खोकत नाही. हिला मी वीस वर्षं ऐकतेय."

थुंकी तपासली, तर जंतू निघाले. घरात तीन नातवंडं, खानावळीत रोज साठ माणसं.

त्या दिवशी दोमिंगा काम संपल्यावरही केंद्राच्या बाकावर बसून राहिली. उठताना म्हणाली, "माझा कान हुकला, आडिंग. त्या तीन पोरांना झाला असता तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?"

ऑरेलिया सहा महिन्यांत खडखडीत बरी झाली. तेव्हापासून दोमिंगाएवढा त्या यंत्राचा भक्त दुसरा कुणी नव्हता. दारोदार जाऊन ती माणसं ओढून आणायची. "खोकला नाही म्हणून काय झालं? ऑरेलियाला होता का? चल, छाती दाखव."

तिने ओढून आणलेल्यांत तिचा धाकटा भाऊ होता, कालिस्तो.

कालिस्तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान. त्याला पाठीशी बांधूनच तिने लहानपणी दगड फोडले होते. सोळाव्या वर्षी तो बोगद्यात शिरला. चाळिशीला आला तेव्हा चढावर तीन ठिकाणी थांबायचा आणि थांबायला निमित्त म्हणून सिगारेट पेटवायचा, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. टीबीचा उपचार त्याचा दोनदा झाला होता, दोन्ही वेळा दोमिंगाच्या हातून, दोन्ही वेळा सहा महिने पुरे. धाप काही गेली नव्हती.

यंत्राने त्याला चौऱ्याण्णव दिले. पडद्यावर दोन्ही फुप्फुसांचे वरचे भाग वणवा लागल्यासारखे लाल.

थुंकी तपासली, काही नाही. पुन्हा तपासली, काही नाही.

आमचे डॉक्टर तीन गावांचे एकटे. त्यांनी कागद बघितला, आकडा बघितला. "चौऱ्याण्णव म्हणजे फार झालं. थुंकीत प्रत्येक वेळी सापडतंच असं नाही. आधी दोनदा झालेला आहे, म्हणजे उलटला असणार. सुरू करा." उपचाराच्या कार्डावर सही माझी आहे. हे मी लपवत नाही.

कालिस्तो तयार नव्हता. बहिणीच्या घरी रताळी खात बसला होता, तिथेच त्यांची जुंपली.

"दोनदा खाल्ल्या ना गोळ्या? काय फरक पडला? बायको म्हणते, तू आता जिना चढतानाच म्हातारा होतोस."

"मशीनने सांगितलंय."

"मनांग, तुझं ते मशीन पोरीसाठी नवरा बघणाऱ्या आईसारखं आहे. जो येईल त्याच्यात एकच खोट काढतं. एस्तेबानला तेच, पाब्लोला तेच, मला तेच. सगळा बोगदाच टीबीचा?"

"तुम्ही एकाच भांड्यातून दारू पिता, मग काय होणार?"

"दारू सोडतो. गोळी नको."

"दारू सोडू नकोस, कुणाचा विश्वास बसणार नाही. गोळी घे."

तो हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली. ती ओसरेपर्यंत दोमिंगा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ऑरेलिया बरी झाली. तूही होशील. माझ्यासाठी घे."

बहिणीसाठी त्याने घेतल्या.

तिसऱ्या आठवड्यात तो ओकायला लागला. दोमिंगा म्हणाली, सुरुवातीला होतंच. अंगाला खाज सुटली. ती म्हणाली, गोमांस खाऊ नकोस. लघवी गडद झाली असं त्याने सांगितलं, तर ह्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरू नका, हे मीच प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी सांगते. दोमिंगाने तेच त्याला ऐकवलं. एकदा त्याने गोळ्या तळहातात घेऊन मूठ मिटली आणि तोंड भिंतीकडे केलं. तिने एकेक बोट सोडवलं. "आ कर," म्हणाली. त्याने आ केला.

सहाव्या आठवड्यात ती सकाळी गेली तर कालिस्तो दारात उजेडाला बसलेला होता, आणि त्याच्या डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं झालं होतं.

ती धावत माझ्याकडे आली. चौदा वर्षांत तिला धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गोळ्या त्याच क्षणी बंद केल्या. भाज्यांच्या ट्रकमध्ये गादी टाकून त्याला बागियोच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मी बरोबर होते, त्याची बायको रुफिना होती, दोमिंगा होती. वाटेत तो दोनदा शुद्धीवर आला आणि दोन्ही वेळा विचारलं की बोगद्यात निरोप दिला का.

तिथल्या छातीच्या डॉक्टर लिगात म्हणून होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आम्ही नेलेले सगळे फोटो ओळीने लावले, आठ वर्षांपूर्वीपासूनचे. 

"किती वर्षं बोगद्यात?"

"चोवीस," रुफिना म्हणाली.

"ड्रिल कोरडं मारतात की पाणी सोडून?"

"पाणी कुठून आणणार, मॅम? झरे सगळे आटले. प्यायलाच विकत घेतो."

"हे चोवीस वर्षांचं कोणी विचारलं होतं आधी?"

"नाही," मी म्हटलं. विचारायचं काम माझं होतं.

"हा टीबी नाही," लिगात म्हणाल्या. "पहिल्यांदा कदाचित असेल, आता सांगता येणार नाही. हे दगड आहेत. बारीक धूळ आत जाते, तिथेच बसते, तिच्याभोवती फुप्फुस घट्ट होत जातं. वरच्या बाजूला हे गोळे दिसतात ना, ते."

"मग मशीनने टीबी का म्हटलं?" दोमिंगाने विचारलं.

"त्याला टीबी शिकवलाय. छाती बिघडलीय हे त्याने बरोबर ओळखलं. कशाने बिघडलीय ते त्याला कुणी शिकवलं नाही, आणि तुम्ही कुणी सांगितलं नाही. मलाही खोटं बोलायचं नाही. हे दोन्ही फोटोत सारखे दिसू शकतात. डॉक्टरही फसतात. म्हणून आधी विचारायचं असतं की माणूस काय काम करतो."

"ह्याला औषध?"

"नाही."

आठव्या दिवशी कालिस्तो गेला. यकृत उरलंच नव्हतं.

मर्तिकाला चार डुकरं कापली, सगळा बोगदा बंद राहिला. दोमिंगाला कुणी एक शब्द बोललं नाही. तिला भात वाढला, कॉफी दिली, जागा करून दिली. तिने पानातलं काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी माणसं पांगली तेव्हा रुफिना तिच्यासमोर येऊन बसली. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "मनांग, शेवटी शेवटी असं व्हायचं, की तुमच्या पावलांचा आवाज आला की तो डोळे मिटून घ्यायचा. मी म्हणायचे, झोपलाय. तुम्ही म्हणायच्या, उठव."

दोमिंगा म्हणाली, "हो. म्हणायचे."

दुसऱ्या आठवड्यात तिने आपली पिशवी, रजिस्टर आणि डब्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मी म्हटलं, सही माझी होती. ती म्हणाली, "सही तुझी होती. बोटं मी सोडवली." आणि गेली.

मग जे व्हायचं तेच झालं. गावाने गोळ्या सोडल्या. त्या वेळी नऊ जण उपचारावर होते. महिन्याभरात दोन उरले. मी दारोदार गेले, लोकांनी दारं लावून घेतली. सोडणाऱ्यांत बेनितो होता, तिशीचा, बायकोला पाचवा महिना. त्याच्या थुंकीत जंतू सापडलेले होते. त्याच्या टीबीबद्दल शंकेला जागाच नव्हती. मी दोनदा गेले. तो म्हणाला, "मॅम, मनांगच्या सख्ख्या भावाला ज्यांनी मारलं त्या गोळ्या आम्हाला कशाला?"

मी दोमिंगाकडे गेले. ती परसात तण काढत होती. मी बेनितोचं सांगितलं. बायकोच्या पोटाचं सांगितलं. ती तण काढत राहिली.

"मी जाऊ? मी?"

"माझं ऐकत नाहीत."

"माझं ऐकतील असं वाटतं तुला?"

"नाही," मी म्हटलं. "पण दुसरं कुणी नाही."

हात धुवायलाच तिने बराच वेळ लावला. मग म्हणाली, "दोघांच्या थुंकीचे कागद दे. त्याचा आणि कालिस्तोचा."

पुढचं मला बेनितोच्या बायकोने सांगितलं. दोमिंगा आली, आत बोलावलं नाही म्हणून पायरीवरच बसली. बेनितो आतून म्हणाला, "कुणाला पोचवायला आलात आता?"

"हा माझ्या भावाचा कागद," ती म्हणाली. "ह्याच्यात जंतू नाही असं लिहिलंय. तरी मी गोळ्या दिल्या. हा तुझा. ह्याच्यात आहे असं लिहिलंय. वाचता येतं ना तुला? वाच."

बेनितो बाहेर आला. कागद वाचले. "आणि माझं यकृत गेलं तर?"

"जाऊ शकतं. म्हणून मी रोज आधी तुझे डोळे बघणार, मग गोळी देणार. ओकलास तर देणार नाही, आधी नर्सकडे नेणार. नाही म्हणालास तर मूठ सोडवणार नाही. पण नाही म्हणालास तर आजपासून बायकोशेजारी झोपू नकोस. पोराला काही दिवस तरी जगू दे."

 तो आत जाऊन पाणी घेऊन आला म्हणे.

सहा महिने ती रोज गेली. रोज त्याला उजेडात उभं करून खालची पापणी ओढायची. बेनितो बरा झाला. पोरगी झाली, ती धडधाकट आहे.

पण दोमिंगाच्या डोक्यात तोवर दुसरंच सुरू झालं होतं. जुन्या रजिस्टरमधून तिने एक यादी काढली होती: यंत्राने मोठा आकडा दिला, पण थुंकीत काही सापडलं नाही अशी माणसं. एकोणीस. त्यांच्यातले पाच तर तीन-तीनदा टीबीच्या गोळ्या खाऊन बसलेले. प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारत हिंडली: बोगद्यात किती वर्षं?

मला वाटलं होतं माणसं आभार मानतील. कुणी मानले नाहीत. एस्तेबान म्हणून कालिस्तोच्या बोगद्यातला, पंचेचाळिशीचा माणूस होता. पन्नास पावलं चालला की गुडघ्यांवर हात टेकायचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टीबीला औषध आहे ना, मनांग?"

"आहे."

"फुकट आहे. बरोबर तांदूळही देतात. आणि तुम्ही म्हणता त्याला काय आहे?"

"काही नाही. आत जायचं बंद करायचं, एवढंच."

"मग माझा टीबीच राहू द्या."

हे सांगताना दोमिंगा पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. "आडिंग, मी त्याच्याकडून त्याचा आजारसुद्धा काढून घेतला."

पुढच्या वर्षी गाडी पुन्हा आली. रेनान्तेच होता. दोमिंगा त्या एकोणीस जणांपैकी सोळांना घेऊन आली. दोघं तोवर गेले होते, एकाने यायला नकार दिला. प्रत्येकाच्या शर्टला तिने वहीच्या कागदाची चिठ्ठी टाचणीने लावली होती. सव्वीस वर्षं. एकोणीस वर्षं. एकतीस.

"हे काय, मनांग?"

"बोगद्यातली वर्षं. ह्याच्यात लिही."

रेनान्तेने टॅब तिच्यापुढे धरला. "बघा तुम्हीच. वय, वजन, खोकला, ताप, धूम्रपान. कामाचा रकानाच नाही. कुठे लिहू?"

"ते मला माहीत नाही. तू लिहिल्याशिवाय कुणी श्वास रोखणार नाही."

"टाचणी तरी काढा, फोटोत दिसेल."

"दिसायलाच लावलीय."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. एस्तेबान म्हणाला, "लिही रे बाबा, ती घरी येऊन लिहून घेईल." रेनान्तेने माझ्याकडे पाहिलं. आमच्या डॉक्टरांना हे आवडणार नाही हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "ह्या सोळा जणांचे फोटो वेगळे काढून दे. चिठ्ठ्यांसकट मी बागियोला नेते. आणि तोपर्यंत कुणाचंही कार्ड उघडणार नाही." उरलेल्यांचे फोटो नेहमीसारखे झाले. त्यात दोघांना टीबी निघाला, दोघंही बोगद्यात कधी न गेलेले.

डॉक्टर लिगातांनी सोळाही फोटो वाचले, सगळ्यांची थुंकी पुन्हा तपासली. अकरा जणांना नुसती धूळ. तिघांना धूळ आणि टीबी दोन्ही; धुळीने दुबळ्या झालेल्या फुप्फुसात टीबीला घर सोपं, असं त्या म्हणाल्या. ह्या तिघांत एस्तेबान होता. दोघांना जुने भरलेले व्रण, बाकी ठीक.

म्हणजे नुसती दगडाची वर्षं विचारूनही भागत नव्हतं, नुसत्या आकड्यावरही भागत नव्हतं. एस्तेबानला गोळ्या द्यायला दोमिंगाच जाऊ लागली. त्याचा टीबी गेला. माणूस मात्र त्याच वर्षी पावसाळ्यात गेला, खुर्चीत बसल्या बसल्या, कारण आडवं पडलं की त्याला श्वास घेता येत नव्हता. त्याच्या पानातला भात तसाच राहायचा. घास चावायला लागणारा दमही त्याच्यात उरला नव्हता.

अकरा जणांपैकी चौघांनी बोगदा सोडला. एक खाली भाज्यांच्या वाफ्यांवर राबतो, एक ट्रक चालवतो, दोघं घरी आहेत. बाकीचे आत जातात. लिगातांनी सांगितल्याप्रमाणे ड्रिलवर पाणी सोडायचं ठरलं होतं. माणसं पाठीवर कॅन बांधून दरीतून पाणी आणायची. एका दिवसाच्या ड्रिलिंगला तीस कॅन. पाच आठवडे आणलं. मग उन्हाळा लागला, दरीतलंही आटलं, आणि बायका म्हणाल्या की प्यायचं पाणी दगडाला पाजणार असाल तर स्वयंपाक तुम्हीच करा. एका बोगद्यात अजून पाणी वापरतात. बाकीच्यांत तोंडाला ओला शर्ट बांधतात.

तिसऱ्या वर्षी रांग संपल्यावर दोमिंगा स्वतः यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. इतक्या लोकांना ओढून आणणाऱ्या ह्या बाईने स्वतःचा फोटो कधी काढला नव्हता, आणि ही गोष्ट माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. रेनान्तेने आपणहून विचारलं, "खाणीत किती वर्षं, मनांग?"

"आत एक दिवस नाही. तोंडाशी बसून दगड फोडायला तेवीस."

आकडा आला अठ्ठावन्न. थुंकी स्वच्छ. लिगातांकडे आम्ही दोघीच गेलो. त्यांनी फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि काही सांगायच्या आत तीच म्हणाली, "कळलं."

परतीच्या जीपमध्ये तिने मला एवढंच विचारलं, की कालिस्तो तिच्या पाठीशी बांधलेला असायचा तेव्हापासूनच त्याच्या छातीत धूळ जायला लागली असेल का. मी म्हटलं, थोडी असेल, खरी बोगद्यातलीच. तिने खिडकीबाहेर बघत मान हलवली. माझं तिला पटलं की नाही, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी मनिलाहून दोन माणसं आली. त्या यंत्राला आता दगडधुळीची छातीही ओळखायला शिकवणार होते. त्यासाठी अशा माणसांचे फोटो हवे होते, घरच्यांच्या सहीने. लिगातांनी आमच्या गावाचं नाव सांगितलं होतं. केंद्रात सगळ्या बायका जमल्या. बहुतेक विधवा. एकेक सही होत गेली.

रुफिनाची पाळी आली तेव्हा तिने विचारलं, "त्याचं नाव राहील का त्याच्यावर?"

"नाही. नाव, गाव सगळं काढून टाकतो. नियमच आहे."

"आणि मग त्याचा फोटो बघून मशीन काय म्हणेल?"

"पुढच्या वेळी असा फोटो आला तर म्हणेल, ही धूळ असू शकते."

"पुढच्या वेळी," रुफिना म्हणाली. तिने पेन टेबलावर ठेवलं. "नाही. त्या मशीनने त्याच्या छातीबद्दल एकदा सांगितलं, तेवढं बस झालं."

त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मी दोमिंगाकडे. ती बाकाच्या टोकाला बसली होती. तोवर तिला केंद्राच्या सात पायऱ्या चढायलाही दोनदा थांबावं लागायचं. रुफिनाला समजाव, असं मला म्हणायचं होतं. कालिस्तोचे आठ वर्षांचे फोटो ओळीने होते, तसे दुसऱ्या कुणाचेच नव्हते. जे हवं ते दोमिंगाने कुणाकडून करून घेतलं नाही, असं गेल्या वीस वर्षांत झालं नव्हतं.

ती उठली, टेबलापाशी आली आणि म्हणाली, "तिने नाही म्हटलंय. पुढचं बघा."

मग तिने स्वतःच्या फोटोच्या कागदावर सही केली आणि रुफिनाला सोबत घेऊन, तिच्या दंडाला धरून, सावकाश पायऱ्या उतरून गेली.